छप्पर हवे असेल तर आधी फाईल शोधा : ठाणे-नवी मुंबईत महापालिकेकडून काम कसे करून घ्यावे

आमच्या कॉम्प्लेक्सबाहेरच्या बसथांब्यावर छप्पर यावे म्हणून मी पहिला अर्ज दिला, तेव्हा त्यात अकरा मागण्या होत्या. छप्पर, पदपथ, उघडे गटार, बंद दिवा, भटकी कुत्री, रिक्षांची मनमानी. अगदी मन मोकळे केले होते. टपाल घेणाऱ्या बाईंनी कागद वरून खाली वाचला आणि म्हणाल्या, "ताई, ह्यात अकरा विषय आहेत. हा कागद अकरा टेबलं फिरणार आणि प्रत्येक टेबल म्हणणार, आमचं नाही." मी तरी तो तसाच दिला. आठ महिन्यांनी उत्तर आले. ते कुत्र्यांबद्दल होते.

छप्पर यायला त्यानंतर तीन पावसाळे गेले. त्यातले दोन माझ्या चुकांमुळे, हे आता कळते. सभागृहात हात वर होतात तेव्हा निर्णय होतो, असे मी समजत होते. प्रत्यक्षात तोवर बरेच काही ठरून गेलेले असते: कनिष्ठ अभियंत्याने जागा पाहून काय शेरा लिहिला, खर्च किती काढला, तो कोणत्या लेखाशीर्षकाखाली, म्हणजे खर्चाच्या कोणत्या खात्यात टाकला. म्हणून आमची मागणी मान्य करा असे म्हणत बसण्यापेक्षा फाईल आहे का, असली तर कोणाच्या टेबलावर आहे, हे विचारायला शिकावे. खाली लिहिले आहे ते बसथांब्याचे उदाहरण धरून, पण पदपथ, वाचनालय, सार्वजनिक शौचालय, बागेतला दिवा, कशालाही तेच लागू पडते.

पहिले काम : जागा कोणाची?

ह्या एका प्रश्नावर निम्मे अर्ज वाया जातात. ठाण्यात घोडबंदर रस्त्याचेच बघा. मुख्य रस्ता वर्षानुवर्षे सार्वजनिक बांधकाम विभागाचा, सेवा रस्ते महापालिकेचे, मेट्रो ४ चे खांब एमएमआरडीए ह्या प्रादेशिक विकास प्राधिकरणाचे, आणि सेवा रस्ते मुख्य रस्त्यात मिसळण्याचे काम निघाल्यापासून कुठला तुकडा कोणाच्या ताब्यात हे तिथे राहणाऱ्यालाही सांगता येत नाही. खड्डा एकच, पण तो पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे की पलीकडे यावर दार बदलते.

नवी मुंबईत गुंता वेगळा. शहर सिडको ह्या राज्य सरकारच्या नगरविकास कंपनीने वसवले, महापालिका १९९२ च्या १ जानेवारीपासून कारभार पाहू लागली. त्यामुळे मैदान, समाजमंदिर, बाजार यांच्या भूखंडाबाबत पहिला प्रश्न हाच: सिडकोने तो महापालिकेला हस्तांतरित केला आहे का? झाला नसेल तर महापालिकेला कितीही अर्ज करा, 'भूखंड सिडकोच्या मालकीचा आहे' एवढेच उत्तर येणार. अर्जात सेक्टर आणि भूखंड क्रमांक हवाच. 'अमुक शाळेच्या मागचे मैदान' असे लिहून भागत नाही. सायन-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा. बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली ती सिडकोची. औद्योगिक पट्ट्यात एमआयडीसी, म्हणजे राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ, आहेच.

शिवाय जागा महापालिकेची असली तरी त्यावर चालणारी गोष्ट तिची असेलच असे नाही. एकदिशा मार्ग, पार्किंगला मनाई, सिग्नलची वेळ हे वाहतूक पोलिसांचे. असे बदल अनेकदा आधी प्रायोगिक तत्त्वावर होतात आणि त्या काळात हरकती मागवतात, ती संधी सोडू नये. बस आणि रिक्षाचे भाडे ठरवते मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण.

ओळखायचे कसे? शेवटचे डांबर कोणी टाकले ते शेजारच्या दुकानदाराला विचारा. त्याला ठेकेदाराचे नाव नसेल माहीत, पण फलक कोणाचा होता हे बहुतेक आठवते. मग प्रभाग समिती कार्यालयात जाऊन खात्री करा. ठाण्यात अशी नऊ कार्यालये आहेत: नौपाडा-कोपरी, उथळसर, वागळे, लोकमान्य-सावरकर, वर्तकनगर, माजिवडा-मानपाडा, कळवा, मुंब्रा आणि दिवा. नवी मुंबईत आठ विभाग: बेलापूर, नेरुळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, दिघा. मुख्यालयात पाचपाखाडीला किंवा बेलापूरला थेट धाव घेण्याची हौस मलाही होती. तिथे दिलेला कागद शेवटी प्रभागातच शेऱ्यासाठी येतो, फक्त तीन आठवडे फिरून.

वही घेऊन थांब्यावर उभे राहा

'नागरिकांची प्रचंड गैरसोय होत आहे' हे वाक्य अभियंत्याने इतके वेळा वाचलेले असते की त्याची नजर त्यावरून घसरते. आकडा दिसला की मात्र थबकते.

मी आणि आमच्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकू, दोघींनी एका मंगळवारी आणि एका गुरुवारी सकाळी साडेसात ते साडेनऊ थांब्यावर बसून नोंद केली. शाळेची चौकटीची वही, पाच रकाने: बस क्रमांक, वेळ, किती चढले, किती उतरले, आणि किती जण गर्दी बघून बस सोडून मागे राहिले. शेवटचा रकाना काकूंचा. "चढलेले तिकिटावरून त्यांना कळतातच की," काकू म्हणाल्या, "राहिलेले कुठे कळतात?" पुढे अभियंत्याने सगळ्या वहीतला तोच रकाना नेमका विचारला.

पदपथाचे मापही घ्या. मी शिवणकामाची टेप नेली होती. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या निकषांत, आयआरसी १०३ मध्ये, पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको असे आहे. आमच्या थांब्याजवळची कड भरली २७ सेंटीमीटर. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती पायरी नाही, भिंत आहे. 'पदपथ उंच आहे' असे लिहिले असते तर मत झाले असते. '२७ सेंटीमीटर, निकष १५' लिहिल्यावर ती त्रुटी झाली, आणि त्रुटीवर शेरा लिहावाच लागतो.

फोटो चार पुरेत. एक लांबून, ज्यात ओळखीची इमारत किंवा दुकान दिसेल, एक टेप लावलेला, एक पावसातला, एक गर्दीच्या वेळचा. मागे तारीख-वेळ हाताने लिहा. चाळीस फोटोंचा पेनड्राइव्ह कोणी उघडत नाही.

अर्ज : एक विषय, एक पान

वर दिनांक, 'प्रति' मध्ये पदनाम (माणसाचे नाव नको, बदली होते), मग विषय. तो इतका नेमका असावा की आवक नोंदवहीत उतरवून घेतला तरी काम कळावे. मजकूर साधारण असा:

"विषय : अमुक रस्त्यावरील अमुक बसथांब्यावर निवारा उभारणे व थांब्यालगतच्या २० मीटर पदपथाची उंची निकषाप्रमाणे करणे.

महोदय, सदर थांब्यावर सकाळी ७.३० ते ९.३० या वेळेत दोन दिवस केलेली नोंद सोबत जोडली आहे. थांब्यावर निवारा नाही. पदपथाची उंची २७ सेंमी आहे. तरी स्थळपाहणी करून अंदाजपत्रक तयार करण्यात यावे व केलेल्या कार्यवाहीची माहिती लेखी कळवावी."

'स्थळपाहणी करून अंदाजपत्रक तयार करण्यात यावे', सगळे इंगित ह्यात आहे. 'छप्पर द्या' म्हटले की उत्तर 'निधीच्या उपलब्धतेनुसार विचार करण्यात येईल'. अंदाजपत्रक (इथे ह्या एका कामाच्या खर्चाचा अंदाज) मागितले की अभियंत्याला जागेवर यावे लागते, आणि अंदाजपत्रक तयार झाले की फाईल जन्माला येते.

दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. क्रमांक नसलेला नुसता गोल शिक्का म्हणजे कागद घेतला एवढेच. नोंदला असे नाही. ऑनलाइन तक्रार खड्डा, कचरा, बंद दिवा यांना ठीक. नवे काम मागायचे असेल तर कागदच द्या, कारण ऑनलाइन तक्रारीला 'निकाली' करण्याची घाई असते आणि नव्या कामाची फाईल निकाली निघून चालत नाही.

सह्या? सोसायट्यांच्या लेटरहेडवर ठराव घेतलेली पाच पत्रे ही पाचशे सह्यांपेक्षा वजनदार, असा माझा अनुभव.

फाईल कशी चालते

कनिष्ठ अभियंता पाहणी करून टिपणी लिहितो. उपअभियंता, कार्यकारी अभियंता असे ती वर चढते. रक्कम मोठी असेल तर नगर अभियंता आणि अतिरिक्त आयुक्तांपर्यंत. लेखा विभाग तरतूद आहे की नाही ते सांगतो. मग प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश). महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे धोरण, कर, महापालिकेचे वार्षिक अंदाजपत्रक हे महासभेचे (म्हणजे सर्व नगरसेवकांच्या सभेचे), ठेक्यांना मान्यता देणारी सोळा जणांची स्थायी समिती, अंमलबजावणी आयुक्तांची. प्रभाग समितीही स्थानिक छोटी कामे मार्गी लावू शकते, पण ह्या समितीकडे कोणी वळतच नाही.

महिन्यातून एकदा, शक्यतो दुपारनंतर, आवक क्रमांक घेऊन टेबलावर जा आणि एवढेच विचारा: "फाईल सध्या कोणाकडे आहे आणि त्यांना काय हवंय?" तक्रारीचा सूर नको. आमच्या फाईलला एकदा दोन महिने थांबावे लागले ते एका ना-हरकतीसाठी. निवाऱ्याचा पाया खोदायच्या जागेखालून वीजवाहिनी जात होती. हे विचारले नसते तर आम्ही दोन महिने राजकारणाला दोष देत बसलो असतो.

बसथांब्याची आणखी एक गंमत सांगते. शहरांत निवारे जाहिरातीच्या हक्कावर बांधून घेण्याची पद्धत रूढ आहे: ठेकेदार निवारा बांधतो, बदल्यात फलक लावून पैसे कमावतो. म्हणून हमरस्त्यावर चकचकीत थांबे दिसतात आणि आतल्या रस्त्यावर, जिथे जाहिरात बघायला कोणी नाही, तिथे नुसता खांब. तुमचा थांबा आतला असेल तर त्या योजनेची वाट पाहू नका. नगरसेवक निधी, प्रभाग सुधारणा निधी किंवा आमदार निधी, यांपैकी एक गाठा.

चार नगरसेवकांपैकी कोणाकडे जायचे?

ठाण्यात मार्च २०२२ पासून आणि नवी मुंबईत मे २०२० पासून लोकनियुक्त सभागृहच नव्हते. प्रशासक कारभार बघत होते. जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका झाल्या. ठाण्यात १३१ जागा, ३३ प्रभाग. नवी मुंबईत १११ जागा, २८ प्रभाग. म्हणजे जवळपास सगळीकडे एका प्रभागात चार नगरसेवक. नवी मुंबईकरांना एकाच नगरसेवकाची सवय, त्यांना हे पॅनेल नवीन आहे.

चार असले की 'ते त्यांच्याकडे आहे' हे उत्तर तयार असते. त्यावर उपाय साधा. अर्जाची प्रत चौघांना एकाच दिवशी, आणि प्रत्येकाच्या प्रतीवर 'प्रत : इतर तीन सन्माननीय सदस्य' असे लिहा. कोणी एकाने पत्र दिले की ते बाकीच्यांना दाखवायला लाजू नका. श्रेय कोण घेतो ह्याची चिंता तर मुळीच करू नका. फलकावर चौघांचे फोटो लागू देत, डोक्यावर पत्रा आला की झाले.

नगरसेवकाकडून तोंडी आश्वासन घेऊ नका, तीन कागद मागा: प्रशासनाला पत्र, प्रभाग समितीत विषय, आणि तरीही हलले नाही तर महासभेत प्रश्न किंवा लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे लक्ष वेधणारी सूचना). छापील प्रश्नाला प्रशासनाला लेखी उत्तर द्यावे लागते. ते उत्तर तुम्हाला पुढे माहिती अधिकाराइतकेच उपयोगी पडते.

कधी मागायचे

जूनमध्ये मागू नका. पावसाळ्यात आठवण येते, पण तेव्हा रस्ते खोदणे बंद असते आणि त्या वर्षीचा पैसा वाटून झालेला असतो. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. पुढच्या वर्षाच्या मागण्या खात्यांकडून हिवाळ्यात गोळा होतात, आयुक्त फेब्रुवारीच्या आसपास अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती फेरबदल सुचवते आणि ते महासभेकडे जाते. तुमचा कागद दिवाळीच्या आगेमागे आत असला पाहिजे. फेब्रुवारीत जाऊन भाषण करणाऱ्यांचे कौतुक होते, तरतूद होत नाही.

अंदाजपत्रक वाचताना पहिला रकाना पुढच्या वर्षाचा न बघता मागच्या वर्षी ठेवलेली आणि सुधारित रक्कम शेजारी-शेजारी लावून बघा. पदपथासाठी ठेवलेली रक्कम सुधारितमध्ये निम्म्यावर आली असेल तर नव्या वर्षाचा भरघोस आकडाही तेवढाच खरा.

बसची फेरी किंवा मार्ग हवा असेल तर

इथे कारभार जरा वेगळा. ठाणे परिवहन सेवा १९८९ पासून आणि नवी मुंबई परिवहन १९९६ पासून चालते. दोन्ही उपक्रम महापालिकेचे, पण त्यांचा परिवहन व्यवस्थापक वेगळा, अंदाजपत्रक वेगळे, आणि वर परिवहन समिती. ह्या समितीचे सदस्य नगरसेवकच असावे लागतात असे नाही. आपल्या भागातला सदस्य कोण हे शोधून ठेवा, त्यांना भेटायला फारसे कोणी जात नसल्याने वेळ मिळतो.

नवा मार्ग मागण्याची चूक बहुतेक सगळे करतात. नव्या मार्गाला बस लागते, चालक-वाहकांची पाळी लागते, परवानगी लागते. विजेवर धावणाऱ्या बस ठेकेदाराकडून घेतल्या असतील तर त्याला किलोमीटरमागे पैसे जातात, म्हणजे वाढवलेला प्रत्येक किलोमीटर उपक्रमाच्या अंगावर. म्हणून आधी स्वस्तातले मागा: आहे त्या मार्गाची वेळ पंधरा मिनिटे पुढे-मागे करणे, शेवटची बस लोकलच्या वेळेशी जुळवणे, रिकामी आगारात परतणारी बस आपल्या रस्त्याने सोडणे. वहीतल्या नोंदी इथे सोन्याच्या. '८.१० नंतर थेट ८.४१, मध्ये राहिलेले प्रवासी २३' हे वाचून वाहतूक अधीक्षक फेरी हलवू शकतो, त्याला कुठल्या सभेची वाट पाहावी लागत नाही.

तिकिटातील सवलत मात्र धोरणाचा विषय, तो अंदाजपत्रकातूनच येतो. ठाण्यात महिलांना परिवहनच्या बसमध्ये ५० टक्के सवलत २०२४ मध्ये तशीच आली.

विषयपत्रिका आणि गोषवारा

महासभेची विषयपत्रिका सभेआधी निघते, प्रत्येक प्रस्तावासोबत गोषवारा, म्हणजे प्रशासनाचे टिपण, असतो. गोषवाऱ्याची पहिली दोन पाने पार्श्वभूमी असते, ती सोडा. शेवटचा परिच्छेद वाचा: 'सबब, ... करिता मान्यतेस्तव सादर'. मान्यता नेमकी कशाला मागितली आहे? सल्लागार नेमायला, की कामाला? खर्च कोणत्या लेखाशीर्षकातून? काम झाल्यावर देखभाल कोणाकडे? व्यायामशाळा, अभ्यासिका, शौचालये थाटात उघडतात आणि कुलूपबंद होतात, कारण देखभालीची ओळ गोषवाऱ्यात नसते.

आयत्या वेळचे विषय छापील पत्रिकेत नसतात. त्यासाठी नंतर इतिवृत्त आणि ठराव क्रमांक मागावा लागतो. प्रशासक काळातले निर्णय शोधताना महासभेचा ठराव मागितला तर 'निरंक' (काहीच नाही) असे उत्तर यायचे. 'प्रशासकीय ठराव' मागा.

महासभा एरवी लोकांसाठी खुली असते. एकदा जाऊन बसून या. गोंधळात विषय क्रमांक किती वेगाने 'मंजूर, मंजूर' होत जातात हे पाहिल्यावर फाईलवरच्या टिपणीचे मोल कळेल.

काहीच हलले नाही तर

माहिती अधिकाराचा अर्ज: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. 'छप्पर का बांधले नाही?' असे विचारू नका, 'का' ही माहिती नसते. हे मागा: "आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक, या अर्जावरील सर्व टिपणी व शेऱ्यांच्या छायांकित प्रती, तसेच सदर नस्ती (फाईल) प्रत्यक्ष पाहण्यास मिळावी." उत्तराची मुदत ३० दिवस. न आल्यास किंवा अर्धवट आल्यास ३० दिवसांत २० रुपयांच्या स्टॅम्पसह पहिले अपील, त्यापुढे ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. आपल्यासाठी त्याचे कोकण खंडपीठ बेलापूरच्या कोकण भवनात बसते. अनेकदा अर्ज पडला की त्याच आठवड्यात फाईलला पाय फुटतात. तेव्हा उगाच अपील ताणू नये, काम होऊ द्यावे.

महापालिकेचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी. विहित नमुन्यात दोन प्रतींत १५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. तक्रार वैयक्तिक स्वरूपाची हवी, न्यायालयात किंवा अपिलात असलेला विषय चालत नाही. म्हणून 'आम्ही समस्त रहिवासी' असे न लिहिता 'मी, अमुक, ह्या थांब्यावरून रोज प्रवास करते' असे लिहा.

काम सुरू झाल्यावर

ठेकेदार आला की कार्यादेशाची प्रत मागा आणि दोन गोष्टी वहीत उतरवा: काम पूर्ण करायची तारीख आणि दोषदायित्व कालावधी. त्या कालावधीत पत्रा उडाला, फरशी खचली तर दुरुस्ती ठेकेदाराने त्याच्या खर्चाने करायची असते. हे माहीत नसल्याने दुरुस्तीची नवी निविदा निघते. बाक किती उंचीवर येतोय ते पाया ओतण्याआधी बघा. आमच्याकडे काकूंनी प्रत्यक्ष बसून दाखवले, "पाय टेकत नाहीत माझे," तेव्हा तो चार बोटे खाली आला.

निवारा ह्या मे महिन्यात उभा राहिला. पत्रा चांगला आहे, पदपथाची कड टेपने मोजली, १५ भरली. फलकावर मात्र थांब्याचे नाव चुकीचे रंगवले आहे, अलीकडच्या थांब्याचे. नवा अर्ज कालच दिला, आवक क्रमांकासह. विषय एकच.